सबवूफरला चालणारा भरवशाचा पॉवर अँप्लिफायर कसा निवडायचा: लाईव्ह साऊंडमध्ये नवीन असणाऱ्यांसाठी

सबसाठी पहिला अँप घेताना मी फक्त एक गोष्ट बघितली होती, पुढच्या पॅनेलवर किती वॉट लिहिलेत. आकडा मोठा, वजन कमी, एका चॅनेलवर दोन अठरा इंची सब, म्हटलं झालं काम. पहिली वीस मिनिटं खरंच भारी वाजला. साधारण पाऊण तासानंतर बेस हळूहळू पातळ व्हायला लागला, मग थर्मलचा लाल दिवा, मग एक चॅनेल बंद आणि नंतर पूर्ण शो एका बाजूच्या सबवर काढावा लागला. दुरुस्ती करणाऱ्याकडे नेला तर तो म्हणाला अँपमध्ये काहीच बिघाड नाहीये. आणि ते खरं होतं, पॅनेलवरचा आकडासुद्धा खोटा नव्हता, फक्त तो आकडा एका क्षणापुरता होता आणि मला तो पाच तास हवा होता.

तर या लेखात मी एवढंच सांगणार आहे की सबचा अँप घेताना "किती वॉट" याच्या आधी "किती वेळ" हे विचारायचं, आणि त्याचं उत्तर कुठे शोधायचं. टॉपवर, म्हणजे सबच्या वरच्या मिड-हायच्या स्पीकरवर, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा अँप सबवर तासाभरात दमतो, कारण व्होकल आणि गिटारमध्ये आवाजाचे टोकदार क्षण असतात, मध्ये मध्ये अँपला श्वास घ्यायला जागा मिळते. किक आणि बेसलाईन एकत्र वाजत असेल, त्यात म्युझिक दाबून कॉम्प्रेस केलेलं असेल, तर अँपला विश्रांती जवळपास नसतेच.

सुरू करायच्या आधी हे जवळ ठेवा:

- तुमच्या सबची डेटाशीट, आणि कॅबिनेट कुणी लोकल बनवलं असेल तर आतल्या ड्रायव्हरची डेटाशीट
- जो अँप घ्यायचा विचार आहे त्याचं पूर्ण मॅन्युअल, जाहिरातीचा कागद चालणार नाही
- ट्रू आरएमएस मल्टीमीटर
- क्लॅम्प मीटर
- टोन जनरेटर, फोनमधलं अ‍ॅप चालतं, फक्त त्यात ५० हर्ट्झचा साईन टोन नीट निघाला पाहिजे
- कॅल्क्युलेटर आणि वही

१. आधी सबचा कागद वाचा, अँपचा नंतर

सबच्या डेटाशीटवर पॉवरचे बहुतेक वेळा तीन आकडे असतात आणि नवीन माणूस त्यातला सगळ्यात मोठा पकडतो. पहिला असतो एईएस (ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या टेस्टचा आकडा) किंवा कंटिन्युअस किंवा आरएमएस, दुसरा प्रोग्रॅम, तिसरा पीक. प्रोग्रॅम हा पहिल्याच्या दुप्पट आणि पीक चौपट, बस एवढंच नातं आहे त्यांच्यात. म्हणजे १००० वॉट एईएस, २००० प्रोग्रॅम आणि ४००० पीक लिहिलेला सब हा एकच १००० वॉटचा सब आहे. एईएसच्या टेस्टमध्ये ड्रायव्हरला ठराविक पट्ट्यातला पिंक नॉईज दोन तास देतात आणि नंतर तो आधीसारखाच चालतोय का हे बघतात, म्हणून ड्रायव्हरच्या आतल्या कॉइलच्या उष्णतेबद्दल काहीतरी खरं सांगणारा आकडा हाच. पुढचे सगळे हिशोब मी याच १००० वॉट, ८ ओहमच्या सबवर करून दाखवतो, तुम्ही तुमचा आकडा घालून बघा.

दुसरं म्हणजे ओहम. ८ ओहम लिहिलंय म्हणजे तो कायम ८ नसतो. फ्रिक्वेन्सीप्रमाणे वर खाली होतो, पोर्टवाल्या बॉक्समध्ये दोन उंच टोकं असतात आणि त्या दोघांच्या मध्ये, पोर्टच्या ट्युनिंगजवळ (ज्या फ्रिक्वेन्सीला पोर्ट सगळ्यात जास्त काम करतो), इम्पिडन्स, म्हणजे हाच ओहमचा आकडा, खाली पडतो. ८ चा सब काही ठिकाणी साडेसहापर्यंत उतरतो. मल्टीमीटरने नुसता डीसी रेझिस्टन्स मोजला तर ८ ओहमचा वूफर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, घाबरू नका, तो चांगलाच आहे. वहीत लिहून ठेवा, पुढे केबल तपासताना हा आकडा उपयोगी पडतो.

२. अँपचा आकडा किती वेळ टिकतो ते शोधा

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे त्यामुळे इथे घाई करू नका.

अँपचं रेटिंग वाचताना चार प्रश्न विचारायचे. कुठल्या ओहमवर? सगळे चॅनेल एकाच वेळी चालू असताना की एकच? कुठल्या फ्रिक्वेन्सीवर? आणि किती वेळ? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच.

समजा लिहिलंय १ किलोहर्ट्झ, २० मिलिसेकंदांचा बर्स्ट, म्हणजे टोनचा छोटा झटका. १ किलोहर्ट्झच्या टोनची २० मिलिसेकंदांत २० आवर्तनं होतात. पण ५० हर्ट्झची? फक्त एक. म्हणजे त्या अँपने पूर्ण पॉवर दिली ती तुमच्या बेसच्या एका लाटेपुरती. अर्धा सेकंद लांब असलेल्या बेसच्या नोटमध्ये अशा २५ लाटा असतात, मग उरलेल्या २४ चं काय? त्या काळात अँपच्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा संपत जाते, आतलं व्होल्टेज बसतं आणि नोटची सुरुवात जोरात, शेवट ढिला असं ऐकू येतं. आपण म्हणतो "पंच आहे पण वजन नाही", ते बऱ्याचदा हेच असतं. किक एकटी वाजवून डेमो दिला तर हे कळणारच नाही, म्हणून डेमोला नेहमी लांब बेसनोट असलेलं गाणं लावा.

मग खरी क्षमता कळणार कशी? मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर करंट ड्रॉ किंवा हीट डिसिपेशनचा तक्ता असतो, तो शोधा. त्यात १/८ पॉवर आणि १/३ पॉवरला लाईनमधून किती करंट ओढला जातो हे दिलेलं असतं. १/८ म्हणजे साधारण नॉर्मल म्युझिक, अधूनमधून क्लिपचा दिवा (अँप क्षमतेच्या टोकाला पोचून सिग्नल कापला जातोय याची खूण) लागतोय असं. १/३ म्हणजे खूप दाबलेलं, सलग म्युझिक. सबसाठी मी कायम १/३ ची ओळ बघतो. ती ओळच नसेल किंवा तक्ताच नसेल, तर बनवणाऱ्याने अँप तेवढा वेळ चालवून बघितलाय का याचीच मला खात्री वाटत नाही आणि मी तो अँप सोडून देतो.

साधं गणितही करून बघा. २३० व्होल्ट गुणिले १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॉट, १६ अँपिअरच्या वायरीतून सलग यापेक्षा जास्त आत येऊच शकत नाही. त्या वायरीच्या अँपवर १०,००० वॉट लिहिलं असेल तर ते अगदीच खोटं म्हणता येणार नाही, साठवलेल्या ऊर्जेतून क्षणभर निघू शकतात, पण सलग द्यायचे तर आत जेवढे आले त्यापेक्षा कमीच बाहेर निघणार.

३. मग किती वॉटचा घ्यायचा

माझा नियम, सबच्या एईएसच्या दीडपट ते दुप्पट, पण लिमिटर (सिग्नलला ठरलेल्या लेव्हलच्या वर जाऊ न देणारं सेटिंग) लावून. लिमिटर लावणार नसाल तर एईएसएवढाच घ्या आणि क्लिपच्या दिव्यावर नजर ठेवा. आपल्या उदाहरणात एका चॅनेलवर दोन सब म्हणजे ४ ओहम आणि २००० वॉट एईएस, तर ४ ओहमवर ३००० ते ४००० वॉट देणारा चॅनेल.

इथे एक गैरसमज आहे, छोटा अँप वूफर जाळतो कारण क्लिप झाल्यावर त्यातून डीसी निघतो, असं लोक सांगतात. चांगल्या अँपमधून क्लिपिंगमध्ये डीसी निघत नाही. होतं असं की साईनवर १००० वॉट देणारा अँप पूर्ण चौकोनी होईपर्यंत रेटला तर २००० वॉटपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे म्युझिकमधले चढउतार सपाट होतात, सरासरी पॉवर चढते, कॉइलला थंड व्हायला वेळच मिळत नाही. कॉइल जळते ती सरासरी उष्णतेने. मोठा अँप घेऊन त्याला रेटला तरी तीच गत, फक्त लवकर. त्यामुळे साईझपेक्षा चालवणाऱ्याचा हात आणि लिमिटर जास्त महत्त्वाचे आहेत.

आणि दोन मॉडेलमध्ये गोंधळ असेल, एक १००० वॉट आणि दुसरा १५०० वॉट, तर फरक पावणेदोन डीबीच्या आसपास आहे. पॉवर दुप्पट केली तरी ३ डीबीच मिळतात. एवढ्यासाठी हलक्या दर्जाचा मोठा अँप घेऊ नका, चांगला छोटा घ्या. आवाज कमीच पडत असेल तर सब वाढवा, त्याने अँपवर आणि कॉइलवर दोन्हीकडे भार हलका होतो.

४. ओहमचा हिशोब, आणि ब्रिजचा सापळा

८ ओहमचे दोन सब पॅरलल म्हणजे ४ ओहम, चार म्हणजे २ ओहम. "२ ओहम स्टेबल" असं लिहिलेलं वाचून लोक चार सब एका चॅनेलवर टाकतात. चालतं का? थोडा वेळ चालतं. पण करंट बघा: १००० वॉट ८ ओहमवर द्यायला साधारण ११ अँपिअर लागतात, २००० वॉट ४ ओहमवर २२ अँपिअर, आणि २५०० वॉट २ ओहमवर ३५ अँपिअर. २२ वरून ३५ वर उडी मारून मिळाले किती, तर ५०० वॉट जास्त. म्हणजे एक डीबीसुद्धा नाही, आणि उष्णता मात्र आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये, केबलमध्ये, कनेक्टरमध्ये सगळीकडे वाढली. वर आत्ताच बघितलं की ८ चा सब खरं तर साडेसहापर्यंत उतरतो, म्हणजे चार सबचे तुमचे २ ओहम काही फ्रिक्वेन्सीवर दीडच्या आसपास जातात. मी सबवर कुठलाही अँप ४ ओहमच्या खाली चालवत नाही. ज्या अँपना २ ओहम खरोखर झेपतात तेसुद्धा ४ वर चालवले की वर्षानुवर्षं टिकतात, हे मी स्वतः बघितलंय.

ब्रिज मोडमध्ये, म्हणजे दोन चॅनेल जोडून एका मोठ्या चॅनेलसारखे चालवताना, गडबड अशी होते की लोड तुम्हाला दिसतो ४ ओहम, पण प्रत्येक चॅनेलला तो जाणवतो अर्धा, म्हणजे २ ओहम. ब्रिजमध्ये ४ ओहम लावणं म्हणजे स्टिरिओमध्ये दोन्ही चॅनेल २ ओहमवर चालवणंच. म्हणून ब्रिज करायचाच असेल तर एकच ८ ओहमचा सब लावा. ब्रिजचं कनेक्शन बऱ्याच अँपमध्ये दोन्ही चॅनेलच्या प्लसवरून घेतात, स्पीकॉनवर (स्पीकरच्या केबलचा फिरवून लॉक होणारा कनेक्टर) १ प्लस आणि २ प्लस, पण तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय लावू नका. ब्रिजच्या दोन्ही वायरींत व्होल्टेज असतं, त्यातली एकही ग्राऊंडला टेकली तर अँप शॉर्ट होतो. आणि वापरून झालं की मागचा स्विच परत स्टिरिओवर टाका, पुढच्या शोला दुसरा कुणी घाईत दोन्ही चॅनेल जोडतो आणि मग शोधत बसतो की काय चुकलं.

५. क्लास एबी, एच, डी: कुठला चांगला

यावर रात्रभर वाद होऊ शकतो पण भरवशाच्या नजरेने बघितलं तर एवढंच.

एबी क्लासचा, मोठ्या टोरॉइड ट्रान्सफॉर्मरचा अँप दणकट असतो, दुरुस्त करायला सोपा, पण जड आणि गरम. पूर्ण पॉवरवर ठीक काम करतो पण मधल्या लेव्हलवर बरीच ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. एच क्लासमध्ये आतला सप्लाय पायऱ्यांचा असतो, गरज पडली तरच वरच्या पायरीवर जातो, त्यामुळे कमी तापतो. जुने, जड एच क्लासचे अँप सबवर अजूनही लोक सोडत नाहीत आणि त्यात तथ्य आहे. डी क्लास आणि स्विचिंग सप्लायवाला हलका असतो, ८० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळते, आणि चांगल्या डिझाईनचा असेल तर सबला उत्तम. पण "डी क्लास" हे काही दर्जाचं सर्टिफिकेट नाही, सप्लाय किती मोठा आहे आणि कपॅसिटर किती आहेत यावर बेस ठरतो.

डी क्लासमधली एक तांत्रिक गोष्ट सबसाठी मुद्दाम सांगतो. हाफ ब्रिज प्रकारच्या सर्किटमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सीवर ऊर्जा स्पीकरकडून परत सप्लायमध्ये ढकलली जाते आणि सप्लायचं व्होल्टेज फुगतं, याला बस पंपिंग म्हणतात. प्रमाणाबाहेर फुगलं की प्रोटेक्शन लागतं. म्हणूनच काही कंपन्या आतमध्ये एका चॅनेलची पोलॅरिटी उलटी ठेवतात, म्हणजे एक चॅनेल ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. फुल ब्रिज डिझाईनमध्ये हा त्रास नसतो. तुमचा डी क्लास अँप टॉपवर नीट आणि ३०-४० हर्ट्झच्या जोरदार बेसवरच प्रोटेक्टमध्ये जात असेल तर सर्व्हिसवाल्याला हे नक्की विचारा.

नकलांबद्दल पण बोलायला हवं. लॅब ग्रुपेनच्या एफपी मालिकेसारख्या नावाजलेल्या अँपच्या हुबेहूब नकला बाजारात खूप फिरतात. पुढचं पॅनेल तेच, बॉक्स तोच, पण आतला माल बनवणाऱ्याप्रमाणे आणि बॅचप्रमाणे बदलतो. काही लोकांचे वर्षानुवर्षं चालतात हेही खरं आहे. घ्यायचाच असेल तर ४ ओहमवर, निम्म्या आकड्याचा समजून घ्या, आणि दुरुस्ती कोण करणार, पार्ट कुठून येणार हे आधी नक्की करा. मूळ कंपनीचा अँप घेतानाही हाच प्रश्न विचारायचा. ज्याची दुरुस्ती होत नाही तो अँप कितीही चांगला असला तरी भरवशाचा नाही.

६. लाईट: अर्धे अँप इथे मरतात

अँप निवडताना लाईनचा विचार आत्ताच करायचा, शोच्या दिवशी नाही. समजा दोन चॅनेल, प्रत्येकी ३५०० वॉट ४ ओहमवर, डी क्लास. १/८ पॉवरला बाहेर ८७५ वॉट निघतात, आत साधारण ११०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर ५ अँपिअरच्या आसपास. १/३ पॉवरला बाहेर २३०० च्या वर, आत २९०० च्या घरात, म्हणजे १२ ते १३ अँपिअर. आता हे सगळं पॉवर फॅक्टर करेक्शन (पीएफसी, लाईनमधून करंट सलग ओढायची सोय) असलेल्या अँपचं झालं. ते नसेल तर करंट छोट्या छोट्या उंच टोकांमध्ये ओढला जातो आणि त्याच कामाला १८ ते २० अँपिअर लागू शकतात, न्यूट्रल तापतो, लांब वायरीत व्होल्टेज पडतं. म्हणून सबच्या अँपमध्ये पीएफसी असेल तर थोडं जास्त मोजायला हरकत नाही असं माझं मत आहे.

व्होल्टेज पडलं की काय होतं? साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपमध्ये आतलं व्होल्टेज लाईनबरोबर खाली येतं. २३० चे २०० झाले तर पॉवर जवळपास २४ टक्के कमी. मग ऑपरेटरला बेस कमी वाटतो, तो फेडर वर करतो, अँप क्लिप व्हायला लागतो आणि कॉइल तापते. दोष अँपला दिला जातो पण मूळ शंभर मीटरच्या बारीक वायरीत असतं. म्हणून शो पूर्ण जोरात चालू असताना रॅकमध्येच व्होल्टेज मोजा, सकाळी मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही.

सगळ्यात धोकादायक म्हणजे थ्री फेजमध्ये न्यूट्रल तुटणं किंवा ढिला होणं. एका फेजवर कमी लोड असेल तर तिथे २३० ऐवजी ३०० च्या वर, अगदी ४०० च्या जवळपाससुद्धा जाऊ शकतं. एकदा असं झालं तेव्हा माझे दोन अँप आणि मिक्सरचा सप्लाय काही सेकंदांत गेले. तेव्हापासून माझा नियम आहे की डिस्ट्रिब्युशनवर फेज ते न्यूट्रल तिन्ही फेजवर मोजल्याशिवाय एकही प्लग लावायचा नाही, आणि रॅकला ओव्हरव्होल्टेज कटऑफ लावायचाच. जनरेटरवर असाल तर आधी जनरेटर स्थिर होऊ द्या, मग मिक्सर, मग अँप एकेक करून चालू करा, बंद करताना उलट क्रमाने, आधी अँप.

हम, म्हणजे स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज, येतो म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकू नका, कुणीही सांगितलं तरी. हम घालवायचा तर सिग्नलच्या बाजूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

७. केबल आणि कनेक्टर

डॅम्पिंग फॅक्टर (अँप कोनवर किती ताबा ठेवतो याचा आकडा) ५०० की १००० यावर वेळ घालवू नका, तुमची केबल तो खाऊन टाकते. २.५ चौरस मिलिमीटरची २० मीटर केबल घेतली तर जाऊन येऊन तिचा रेझिस्टन्स ०.२७ ओहमच्या आसपास होतो. ४ ओहमच्या लोडवर ६ टक्क्यांच्या वर व्होल्टेज केबलमध्येच गेलं, २ ओहमवर १२ टक्के. आणि डॅम्पिंग? ४ भागिले ०.२७, म्हणजे १५ च्या आत. ४ चौरस मिलिमीटर घेतली तर ४ ओहमवर तोटा ४ टक्क्यांवर येतो. त्याहून चांगलं, अँप रॅक सबच्या जवळ ठेवा आणि सिग्नलची केबल लांब न्या.

कनेक्टर स्पीकॉनच वापरा. आपल्या उदाहरणात ८ ओहमवर २००० वॉट म्हणजे १२६ व्होल्ट, हे हाताला लागलं तर माणूस मरू शकतो, उघड्या टोकाच्या वायरींना इथे जागा नाही. सब १ प्लस मायनसवर आहे की २ वर हे प्रत्येक कॅबिनेटला स्टिकर लावून लिहा. सगळं जोडून झाल्यावर अँपच्या बाजूचा स्पीकॉन काढून मल्टीमीटरने ओहम बघा, दोन सब असतील तर ३ च्या आसपास दिसले पाहिजेत. ६ दिसले तर एक सब लागलाच नाहीये, ० दिसलं तर शॉर्ट आहे. एक मिनिटाचं काम आहे.

८. हाय पास आणि लिमिटर, शक्यतो हे न लावता सब चालू करू नका

पोर्टवाल्या सबमध्ये ट्युनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही, तो नुसता हलत राहतो, आवाज येत नाही आणि अँपची पॉवर वाया जाते. ट्युनिंग ३५ हर्ट्झ असेल तर तिथेच २४ डीबी पर ऑक्टेव्हचा हाय पास, म्हणजे त्याखालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर, लावा. अँपलासुद्धा यामुळे खूप आराम मिळतो.

आता लिमिटर. व्होल्टेजवर विचार करा, वॉटवर नाही. सूत्र एकच, वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. १००० वॉट ८ ओहम म्हणजे ८९ व्होल्ट. पॅरललमध्ये दोन सब असले तरी व्होल्टेज तेच. मी दोन लिमिटर लावतो. पीक लिमिटर २००० वॉट प्रोग्रॅमच्या हिशोबाने १२६ व्होल्टवर, अटॅक (पकडायला लागणारा वेळ) १५-२० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) त्याच्या दहा-पंधरा पट. आणि दुसरा हळू चालणारा आरएमएस लिमिटर, अटॅक काही सेकंदांचा, तो ५०० वॉटच्या हिशोबाने ६३ व्होल्टवर. एईएसच्या निम्म्यावर का? कारण ती टेस्ट दोन तासांची होती आणि तुमचा शो पाच तासांचा आहे, बॉक्सच्या आत हवा तापलेली आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, कॉइल २०० अंशांनी तापली तर रेझिस्टन्स पावणेदोन पटीच्या वर जातो आणि तसाही आवाज वाढत नाही, नुसती उष्णता वाढते.

लावायचं असं. अँपवरून सगळे स्पीकर काढा. ५० हर्ट्झचा साईन टोन द्या, मल्टीमीटर एसी व्होल्टवर अँपच्या आउटपुटला लावा, लेव्हल हळूहळू वाढवा आणि लिमिटरचा थ्रेशोल्ड असा ठेवा की मीटर ठरलेल्या व्होल्टच्या वर जाणारच नाही. प्रोब लावताना अँप बंद करा, लावा, मग चालू करा. दोन्ही लिमिटर वेगवेगळे, एका वेळी एकच चालू ठेवून सेट करा.

इथला मोठा सापळा म्हणजे अँपचा गेन. काही अँपना मागे स्विच असतो, २६ डीबी, ३२ डीबी, ०.७७५ व्होल्ट असा. २६ वरून ३२ वर गेलात की व्होल्टेज दुप्पट आणि पॉवर चौपट, आणि प्रोसेसरमधला (अँपच्या आधी सिग्नलवर काम करणारा बॉक्स) लिमिटर मात्र जुन्याच ठिकाणी बसलाय. ३२ डीबीच्या अँपला ६३ व्होल्टसाठी प्रोसेसरमधून ६.२ डीबीयू (सिग्नलची लेव्हल मोजायचं एकक) जावे लागतात, हाच आकडा जास्त गेनच्या अँपवर सब जाळेल. म्हणून सगळे अँप एकाच मॉडेलचे, एकाच गेनवर ठेवा. पुढचे नॉब कमी केले की पॉवर कमी होते असंही समजू नका, कमाल पॉवर तेवढीच राहते, फक्त तिथे पोचायला जास्त सिग्नल लागतो. नॉब ठरवून झाले की त्यावर टेप मारा.

९. वापरलेला अँप घेताना काय बघायचं

नवीनच घ्या असं मी म्हणणार नाही, चांगला जुना अँप खूप वर्षं देतो. हे बघा:

- स्क्रू घासलेले आहेत का, म्हणजे कितीदा उघडलाय
- जाळीतून जळका वास, फॅनचा खरखर आवाज, आत धुळीचा थर
- सिग्नल नसताना आउटपुटवर डीसी व्होल्टेज, १०-३० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या वर असेल तर सोडून द्या
- चालू बंद करताना स्पीकरमध्ये ठॉक असा जोरात आवाज येतोय का
- दोन्ही चॅनेलला सारखाच टोन देऊन सारखंच व्होल्टेज मिळतंय का

मग लोडवर टेस्ट. नुसतं वाजवून बघण्याला अर्थ नाही. पाणी तापवायच्या रॉडचा डमी लोड, म्हणजे स्पीकरऐवजी लावायचा भार, मी वापरतो. २३० व्होल्ट १५०० वॉटचा रॉड साधारण ३५ ओहमचा असतो, असे चार पॅरलल केले की ९ ओहमच्या जवळ, बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचे, त्यांचे मेनचे प्लग कापून टाकायचे म्हणजे चुकूनही कुणी भिंतीत लावणार नाही, आणि टेस्ट चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही. पूर्ण पॉवरचा सलग साईन टोन देऊ नका, चांगला अँपसुद्धा ब्रेकर पाडेल आणि त्यातून कळणार काहीच नाही. ५० हर्ट्झचा टोन अर्धा सेकंद चालू, दीड सेकंद बंद, असा क्लिपच्या जरा खाली वीस मिनिटं चालवा. पहिल्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला व्होल्टेज सारखं आहे का, दोन्ही चॅनेल सारखे तापतायत का, फॅन वेग पकडतोय का. विकणारा ही टेस्ट करू देत नसेल तर मी घेत नाही.

प्रोटेक्शनमध्ये एकच गोष्ट हट्टाने मागा, डीसी प्रोटेक्शन. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पूर्ण सप्लायचं डीसी थेट कॉइलवर जातं आणि काही सेकंदांत सब संपतो, कधी आगही लागते. अँप मेला तरी चालेल, त्याने सबला बरोबर नेता कामा नये.

१०. रॅकमध्ये बसवताना

हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते ते बघा, बहुतेकांची पुढून मागे असते, काहींची उलटी. दोन्ही प्रकार एका रॅकमध्ये टाकले तर एक दुसऱ्याची गरम हवा ओढतो. रॅकचं मागचं झाकण शोमध्ये उघडं. जड अँपला मागूनही आधार द्या नाहीतर प्रवासात पुढचे कान वाकतात. फिल्टरचा फोम दर दोन-तीन शोनंतर धुवा. आणि तीन अँपवर काम चालत असेल तर त्याच मॉडेलचा चौथा रॅकमध्येच, वायर लावलेला, गेन सेट केलेला असा असू द्या.

पहिल्या शोला अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी रॅकपाशी जा, लाईनचं व्होल्टेज, क्लॅम्प मीटरवर प्रत्येक अँपचा करंट आणि मागून येणारी हवा किती गरम आहे ते वहीत लिहा. पुढे कधी बेस कमी वाटला तर आधी ती वही उघडा, मग अँप.